बुडालेल्या बोटीतली अर्धी केबिन

हिमायतनगरच्या पुढे, पैनगंगेच्या डोहात वाळू उपसणारी लोखंडी बोट आदल्या दिवशी बुडाली होती. तिघे पोहून काठाला लागले, चौथा नाही. तो केबिनमध्ये अडकला आहे का, हे मला पाहायचं होतं. नांदेडच्या एका दैनिकातली नोकरी सांभाळून मी तेव्हा शोधपथकात पाणबुड्याचं काम करत असे.

थंडीची सकाळ होती. काठावर गर्दी जमलेली.

"पेपरवाला हाय म्हनं. खाली बसून बातमी लिवतो का काय?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

बेपत्ता माणसाचा धाकटा भाऊ पथकप्रमुखांकडे माझ्या कमरेचा दोर मागत होता. "काका, मी धरतो. भाऊ हाय माझा."

"म्हणूनच देत नाही," प्रमुख म्हणाले.

दोराला एक झटका दिला म्हणजे मी ठीक आहे. तीन म्हणजे सापडला.

पाणी इतकं गढूळ होतं की टॉर्चचा उजेड मनगटापलीकडे जात नव्हता. आठ मीटरवर हाताला पत्रा लागला. चाचपडत खिडकी शोधली, कमरेपर्यंत आत शिरलो. डावीकडचं बाकडं रिकामं. उजवीकडे वळताना दोर थोडा हलला आणि लगेच वरून ओढला गेला. सिलिंडर चौकटीत अडकलं. मी एक झटका दिला. दोर आणखी जोरात ओढला गेला. सिलिंडरच्या मीटरवर साठ बार हवा उरली होती. पन्नासला वर निघायचं असतं. सुरीने दोर कापायला तीन प्रयत्न लागले.

वर आलो तेव्हा दोर भावाच्या हातात होता. तहसील कचेरीतून फोन आला म्हणून प्रमुखांनी तो दोन मिनिटांसाठी त्याला दिला होता.

"न्हाई ना आत?" त्याने विचारलं.

"अर्धी केबिन पाहिली. त्या अर्ध्यात नाही."

"म्हंजे न्हाईच की."

"अर्धी राहिली आहे."

प्रमुखांनी नवा दोर माझ्या कमरेला बांधला, माझ्याकडे न बघता. मी सिलिंडर बदललं.

दुसऱ्या खेपेला उजव्या बाकड्याखाली हाताला रबरी बूट लागला. बुटात पाय होता. त्याला खिडकीतून बाहेर काढायला बराच वेळ गेला. सोबत नेलेला जादा दोर त्याच्या काखेखालून बांधला आणि माझ्या दोराला तीन झटके दिले.

आम्ही वर आलो तेव्हा भाऊ कमरेइतक्या पाण्यात उभा होता.

"हळू वढा, काका," तो मागे वळून म्हणाला.