पाहुणीचा रोजा नव्हता

त्या रमजानला आमच्या घरात दोघांचाच रोजा नव्हता. एक माझे सासरे आणि दुसरी खार.

सासऱ्यांचं आधी सांगते, खार नंतर आली. अब्बांची साखर वाढलेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, यंदापासून रोजे बंद. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम खाली येते आणि माणूस हातचा जातो. आजारी माणसाला धर्मातही सूट आहे, हे मौलानांनी स्वतः घरी येऊन सांगितलं. अब्बांनी दोघांचंही ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मनातून कुणाचंच मानलं नाही. धाराशिवच्या स्टँडमागं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवताना, भर उन्हात पंक्चर काढतानाही त्यांनी रोजा चुकवला नव्हता. आता सगळं घर उपाशी असताना एकट्यानं भाकरी मोडायची त्यांना लाज वाटायची. त्यात त्यांचा जन्माचा नियम, कुणी एकट्यानं जेवायचं नाही. पाहुणा आला की पोटभर जेवून बसलेले अब्बा पुन्हा त्याच्या सोबतीला ताटावर बसायचे.

मी दुपारी ताट वाढून द्यायचे. ते ताट घेऊन मागच्या अंगणात जायचे आणि थोड्या वेळानं रिकामं आणून ठेवायचे. मी म्हटलं, चला, जेवतात तरी. मग एक दिवस बघितलं तर गल्लीतलं कुत्रं चांगलं गुबगुबीत झालेलं. मी शिवणकाम करते, ईदच्या तोंडावर घरात कपड्यांचा ढीग असतो, आणि माझी जीभ तशीही कात्रीच. घरात आम्ही दखनी बोलतो, पण भांडायला मला मराठीच बरी पडते.

"अब्बा, भाकरी कुत्रं खातंय, मग गोळी बी त्यालाच देऊ का?"

"भूक न्हाय बेटा."

"भूक न्हाय तर हात कशानं थरथरायलेत?"

त्याच आठवड्यात घामानं डबडबून अंगणातच खाली बसले. साखरेचं पाणी पाजलं तेव्हा कुठं डोळे उघडले. मला इतका राग आला की रडूच आलं. पण सासऱ्याच्या तोंडात घास कोंबता येत नाही, एवढं मलाही कळतं.

अशात ऊन तापलं म्हणून माझ्या मिस्टरांनी गच्चीवरचा कूलर काढला. ते रिक्षा चालवतात, दुपारी घटकाभर घरी येतात. कूलरचं गवत बदलायला त्यांनी जाळी उघडली तर आत कापूस, सुतळी आणि पिवळ्या अस्तराचे तुकडे. त्याच अस्तरावरून मी एका गिऱ्हाइकाशी कडाक्याचं भांडले होते, तुम्ही दिलंच नाही म्हणून. ते इथं खारीच्या बाळंतपणाला लागलं होतं. आत बोटभर पिल्लू, डोळे मिटलेले. त्याच्या आईला सकाळीच मांजरानं नेलं होतं, ते माझ्या सासूबाईंनी डोळ्यांनी बघितलं होतं.

मला खारी आवडत नाहीत, स्पष्ट सांगते. गच्चीवरच्या कुरडया त्या खातात आणि शिव्या मी खाते. पण ते बोटभर अंग हातात घेतलं आणि ते माझा अंगठाच चोखायला लागलं. झालं, संपला विषय.

मागच्या घरातून शेळीचं दूध आणलं, मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज. चपलेच्या खोक्यात जुना ब्लाउज अंथरला. दूध पाजून झालं की ओल्या कापसानं तिचं बूड पुसायचं, तेव्हा ती मुतणार. एवढं कौतुक मी माझ्या पोरांचंही ती तान्ही असताना केलं नव्हतं. त्यात माझा रोजा. घशाला कोरड पडलेली, आणि नाकासमोर कोमट दूध. ती पिऊन फुर्रकन शिंकायची आणि मिशीवरचं दूध चाटायची. कधी कधी मला तिचा भयंकर राग यायचा.

पिल्लू हां हां म्हणता गरगरीत झालं. सगळे खूश. मग एका दुपारी खोक्यात बघितलं तर पोट टम्म फुगलेलं, अंग गार, हाक मारली तरी हालचाल नाही. मी, सासूबाई आणि मिस्टर तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. पुढं एक म्हैस, मागं दोन शेळ्या आणि मधे मी, मांडीवर चपलेचं खोकं. एक शेतकरी म्हणाला, "वैनी, चप्पल आजारी हाय व्हय?" त्याला मी काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही, रोजाही डळमळला असेल.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "कोण पाजतं?"

"मीच. नेमानं, घड्याळ बघून."

मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी बी पाजते. तसबीहची माळ घेऊन बसले की बिचारी चुकचुकते. भूक लागत असंल म्हणून."

मी मिस्टरांकडं बघितलं. ते भिंतीवरचं लाळ्या खुरकुताचं चित्र मन लावून वाचत होते. "तुम्ही पण?"

"दुपारी आलो की जरासं. तोंड केवढंसं दिसायचं तिचं."

म्हणजे भूक लागायची आम्हाला, आणि दूध जायचं तिच्या पोटात. जो तो आपली आतडी पिळवटली की तिला पाजत होता, वर पुण्य केल्यासारखा गप्प बसत होता. डॉक्टर हसून हसून बेजार. त्यांनी पोट कसं चोळायचं ते दाखवलं, दूध थांबवून कोमट पाणी थेंब थेंब द्यायला सांगितलं. मग म्हणाले, "जगली तर एकानंच पाजायचं. आणि ज्याचं पोट भरलेलं आहे, अशाच माणसानं."

घरी आल्यावर मी खोकं नेऊन अब्बांच्या पुढ्यात ठेवलं आणि डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "आता घरात पोट भरलेला माणूस तुम्हीच एक. भरलेलं असंल तर हात लावा. नसंल तर ही मेली म्हणून समजा."

बोलताना माझा आवाज फाटला, आणि तो काही नुसता खारीसाठी फाटला नव्हता. अब्बांनी माझ्याकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ताट वाढ."

रात्रीपर्यंत तिचं पोट उतरलं, अंग उबदार झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाराच्या पडद्याआडून बघत उभी राहिले. अब्बा भिंतीकडं तोंड करून बसलेले, जसे काही दोघं मिळून चोरी करत होते. एक थेंब तिला, एक घास स्वतःला. "घे तू. मी बी घेतो. कुणी बघंना झालंय." कुत्रं दारात बसून होतं, त्याला एक तुकडाही मिळाला नाही. मी मशीनवर येऊन बसले आणि एका कुर्त्याला दोन्ही बाह्या डावीकडच्याच लावल्या.

पुढं तिचे डोळे उघडले, तशी ती अब्बांच्या खिशात राहायला लागली. एकदा माझ्या मशीनच्या पट्ट्यात शेपूट घातली आणि टोक कायमचं वाकडं करून घेतलं. ईदला शीरखुर्म्यासाठी भिजवलेले बदाम तिनं आधी चाखले, मग आम्ही. त्यानंतर अंगणातल्या लिंबावर जायला लागली. आधी जेवायला यायची, मग अधूनमधून, मग येईनाशी झाली. अब्बा खिशावर हात ठेवून झाडाखाली उभे राहायचे. मला ते बघवायचं नाही, मग मी उगाचच कुणावर तरी ओरडायचे.

यंदा रमजान आला. अब्बांच्या डॉक्टरांचं उत्तर तेच, रोजे बंद. पहिल्या दुपारी मी ताट वाढलं. आता कुणाच्या नावानं जेवू घालायचं यांना? कुत्र्याला आधीच हुसकून लावलं आणि भांडायच्या तयारीनं दारात उभी राहिले. अब्बा ताट पुढं घेऊन बसलेले, घास मोडलेला नाही. तेवढ्यात लिंबावरून एक खार उतरली आणि भिंतीवर येऊन बसली. मी नीट बघितलं. शेपूट सरळसोट, टोकापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवलं, तोंड उघडायचं नाही.

"ही ती न्हाय," अब्बाच म्हणाले. "शेपूट बघ की हिची."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून भिंतीवर ठेवला, जरा मागं सरकून बसले आणि दुसरा तुकडा आमटीत बुडवला.

"बघती काय? कुणाची का असंना, दारात आलीय. तिला एकटीला जेवायला लावू व्हय?"