टाकीवरची गिटार

गाओलाथेचा उजवा हात बघून कोणीही तोंडात बोट घातलं असतं. पण बघायला होतं कोण? बोत्स्वानात, घांझीच्या पलीकडे मालकाच्या साठ गायी राखत तो अकरा वर्षं एकटा राहत होता. सोबतीला काळं चामडी जाकीट आणि इलेक्ट्रिक गिटार. हेवी मेटल संगीत वाजवणारा माणूस भर उन्हातही चामडं उतरवत नाही.

स्वीप नावाची गिटार छेडण्याची तऱ्हा त्याने जिवापाड घोटली होती. प्रत्येक तारेला वेगळा फटका द्यायचा नाही. मनगट न झटकता कोपरापासून हात सरकवायचा आणि केरसुणी फिरवावी तशी पिक, म्हणजे तारा छेडायची चपटी पट्टी, सगळ्या तारांवरून एका ओघात न्यायची.

माउन गावातल्या एका बँडमध्ये गिटारवाल्याची जागा रिकामी झाली, तेव्हा तिथे वाजवणाऱ्या त्शियामोने, त्याच्या जुन्या दोस्ताने, त्याला बोलावलं. गाओलाथेला ती जागा हवीच होती. तिथे माणसं होती.

माउनला पोचल्यावर गिटार अँप्लिफायरला जोडून त्याने हात फिरवला आणि नुसता कालवा उठला.

"अरे गड्या, सुरांचा नुसता चिकट घाटा केलास की!" त्शियामो ओरडला.

"तिकडे तर छान वाजतं."

"तिकडे वीज आहे?"

नव्हती. विजेवाचून तार जेमतेम कुजबुजते आणि विझते. डाव्या हाताची बोटं तारांवर दाबलेलीच राहिली, तरी कानाला पत्ता लागत नाही.

"सूर वाजला की बोट सैल सोड. उजव्या तळव्याने मागच्या तारा झाक. जमलं की फोन कर," त्शियामो म्हणाला.

गाओलाथे तोंड पाडून परतला. फोन लागायचा तो फक्त पाण्याच्या पत्र्याच्या टाकीवर चढल्यावर. तिथे बसून वाजवताना एकदा गिटारचं बूड पत्र्याला टेकलं आणि अर्धी रिकामी टाकी घुमली. एकमेकांना चिकटलेल्या सुरांचा तो घाटा त्याला स्पष्ट ऐकू आला. मग रोज गायींना पाणी पाजून तो वर चढू लागला. सहा महिने गेले.

एका सकाळी त्याने त्शियामोला फोन लावून पत्र्यावर ठेवला आणि हात फिरवला.

"एकही सूर दुसऱ्याला चिकटला नाही, गड्या," त्शियामो म्हणाला. "पण जागा भरली रे. गेल्याच महिन्यात."

गाओलाथेने गिटार पुन्हा मांडीवर ओढली. खाली गायी हंबरत होत्या.

"ते असू दे. थोडा वेळ आहे तुला?"

"आहे. का?"

"मग फोन ठेवू नकोस," गाओलाथे म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला.