उलट फिरण्याआधीचा अर्धा सेकंद

अंबरनाथच्या गाळ्यात मी आणि धाकटा भाऊ सोसायट्यांच्या सरकत्या गेटचे बोर्ड बनवायचो. मायक्रोकंट्रोलर नुसता हुकूम देतो, मोटरचा करंट पेलतात ते चार मॉस्फेट, म्हणजे बोर्डवरचे इलेक्ट्रॉनिक स्विच. फिरती मोटर एकदम उलटी फिरवली की करंट असा उसळतो की मॉस्फेट फुटतात. म्हणून माझ्या प्रोग्राममध्ये मोटर आधी थांबायची, अर्धा सेकंद जायचा, मगच उलटी फिरायची. टेस्टिंगला एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने मॉस्फेट किती तापतात ते बघायला त्यांच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या पट्टीवर, बोट ठेवायचं.

"लोकांना वाटतं गेट अडकलं," भाऊ म्हणायचा. "काढून टाक तो गॅप."

"उल्हासनगरच्या शेठशी तासभर घासाघीस करून मॉस्फेट आणतो मी. ते जाळायला?"

एकदा रागात मी बोर्डच भिंतीवर फेकला. भाऊ बॅग उचलून गेला, बदलापूरला दुकान टाकलं आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं नेली. हे मी विसरलेलो नाही. पण एकट्यानेच बटण दाबून हीटसिंककडे धावताना चिडायलाही समोर कोणी नसायचं.

यंदा पालेगावच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. भावाने बसवलेलं गेट बंद पडलं होतं. मी आधी पैसे वाढवून घेतले. खरं तर या निमित्ताने तो गाळ्यावर परत यावा, एवढंच मला हवं होतं.

भाऊ तिथे गेटपाशीच उभा होता. डबा उघडताच जळका वास आला. लॅपटॉप जोडून पाहिलं तर प्रोग्राम माझाच, फक्त अर्धा सेकंद काढलेला. गाडी आली म्हणून वॉचमनने बंद होणारं गेट मध्येच उलटं फिरवलं होतं.

"बोल आता. बोलायलाच आलायस ना?" भाऊ म्हणाला.

"आधी स्क्रू ड्रायव्हर दे."

माझा बोर्ड बसवला. सेक्रेटरीने सरकतं गेट मध्येच उलटं घ्यायला बटण दाबलं. गेट थांबलं.

"अडकलं का हो?"

"नाही काका, ते असंच चालतं," भाऊ म्हणाला. न सांगता त्याने हीटसिंकवर बोट ठेवलं होतं. गेट उलटं सरकू लागलं.

"दादा, हा मूळ प्रोग्राम दे ना, माझ्याकडे कापलेलाच उरलाय. बाकीच्या गेटमध्येही टाकतो."

"गाळ्यावर ये, तिथे देतो."

"मोबाइलवर पाठव ना."

"ये रे, चहा घेऊ. मोठी मोटर आणलीय, चालवून बघू."

त्याने हेल्मेट घातलं. "वेळ नाही दादा. पाठव."

घासाघीस न करता, समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या किमतीला मी आजवर कोणाला काही दिलेलं नाही. त्याला म्हटलं, "पाठवतो."

गाळ्यावर पोचून आधी तेच केलं. उत्तरात नुसता अंगठा आला.