जांभळ्या समुद्राची आणेवारी

सोयाबीनच्या मळणीचा धुरळा नाकात गेला की मला पेडगावच्या शाळेचं पटांगण आठवतं, आणि तिथं मी भर सभेत कसा पकडलो गेलो तेही. दहावीतल्या एका मुलीला परभणीला विज्ञान शिकायला पाठवायचं की नाही, हे तिचे शेतकरी वडील माझं भाषण ऐकून ठरवणार होते, म्हणून मी जीव ओतून बोललो. प्रॉक्झिमा बी नावाच्या ग्रहाचं वर्ष अवघ्या अकरा दिवसांचं, आणि तिथल्या सूर्याचा उजेड आपल्याकडे पोचायला मात्र चार वर्षं! मग दोन्ही हात पसरून मी तिथलं तांबडं आभाळ, काळं गवत आणि जांभळा समुद्र उभा केला. टाळ्या पडल्या. वडील उठले. "गुरुजी, तलाठी आधी बांधावरून नजरेनं पिकाची आणेवारी लावतो, किती आणे पिकलं त्ये, मंग पीक कापून, तोलून खरी ठरवत्येत. तुमचं ह्याच्यातलं तोललेलं कोणतं आन् बांधावरचं कोणतं?" पटांगण खदखदून हसलं. मुलगी तेवढी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी घोटभर पाणी प्यालो. "वर्ष मोजलेलं आहे. ग्रहाच्या ओढीनं तारा किंचित डुलतो, त्यावरून वजनही काढलंय, निदान पृथ्वीएवढं. गवत आणि समुद्र माझ्या मनातले." "मंग खरंच पाणी हाय का न्हाई तिथं?" "माहीत नाही. अजून कुणालाच नाही." ते लेकीकडे वळले, "ऐकलं का? लय काम ऱ्हायलंय. जा परभणीला." भाषणं मी आजही ठोकतो, टाळ्याही घेतो, पण 'माहीत नाही' म्हटल्यावर मिळालेली तसली दाद पुन्हा मिळाली नाही.