न चुकता घेतलेली गोळी

दादा जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला, तो सुटकेचा होता. "वन्सं, ताप उतरला हो. घामाने अंथरूण भिजलंय नुसतं. आता गाढ निजलेत." मी चिपळूणला शाळेच्या कार्यालयात होते. मलेरियाचा ताप घाम येऊन उतरतो, एवढं मला ठाऊक होतं. "निजू दे," म्हटलं आणि हातातलं काम पुढे सुरू केलं.

दादा, माझा थोरला भाऊ, लोट्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं भांडार सांभाळत होता. निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळ भाट्याच्या घरी राहून नारळाची रोपं लावायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला तेव्हा मी जाड पुठ्ठ्यावर यादी करून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. सकाळी साडेसातला साखरेची गोळी, पुढे लाल शाईत 'न चुकता'. शेजारी कॅलेंडर, गोळी घेतली की खूण करायची. 'रोज अर्धा तास चालणे' याखाली त्याने लिहून ठेवलं होतं, 'समुद्र बघत बसलं तर चालेल का?' मला म्हणायचा, "बाय गो, तुझ्या यादीत मरणाचं कलम राहिलं. तेवढं मी माझ्या हाताने घालीन."

गोळी मात्र त्याने एक दिवस चुकवली नाही.

त्या आठवड्यात त्याला थंडी भरून ताप आला, रक्ततपासणीत मलेरिया निघाला, त्याचं औषध सुरू झालं. पण पोटात काही ठरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी फोन केला. "कालपासून पेजेचा घोटसुद्धा उलटून पडतोय. आज ती साखरेची गोळी राहू दे का? मला भीती वाटते." मी घाईत होते. म्हटलं, "भलतंच काय. आजारपणात साखर वाढते. यादीत आहे ना? मग द्या." वहिनींनी दिली. दुपारी घाम आला. संध्याकाळी तो हाकेला ओ देईना.

मी रत्नागिरीला पोचले तेव्हा इस्पितळात त्याचा श्वास धावून आल्यासारखा चालला होता. साखर इतकी खाली गेली होती की बोटाला टोचून बघायच्या यंत्रावर आकडा उमटला नव्हता. डॉक्टरीण बाईंनी सगळं समजावून सांगितलं. मलेरियाचे जंतू तांबड्या पेशींत घर करतात आणि रक्तातल्या साखरेवरच पोसतात. तापलेल्या शरीरालाही साखर जास्त लागते. यकृतात साठवलेली असते ती उपाशीपोटी संपते, नवीन करायला ते थकलेलं असतं. रक्त नीट फिरेनासं झालं की पेशींत आम्ल साचतं, म्हणून तो श्वास. "त्यात साखर उतरवणारी गोळी. तिचा अंमल दिवसभर राहतो. घाम आला तो ताप उतरल्याचा नसावा, साखर उतरल्याचा असावा." मग त्यांनी विचारलं, "पोटात अन्न नसताना गोळी कोणी दिली?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाल्या, "मी दिली."

मी दादाचं पांघरूण सारखं केलं.

सलाइनमधून साखर चढवली की तो डोळे उघडायचा, पुन्हा मिटायचा. एकदा माझ्याकडे बघून "आलीस?" म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. जंतूंनी किती नेलं आणि गोळीने किती, हे मी डॉक्टरीण बाईंना विचारलं. "असं वेगळं काढता येत नाही," त्या म्हणाल्या.

तेराव्याला पंगतीत आमची एक चुलती दुसरीला सांगत होती, "उपाशीपोटी गोळी दिलीन हो त्याला. शिकलेली बाई, एवढं कळू नये?" वहिनी दोन हातांच्या अंतरावर भात वाढत होत्या. त्यांनी ऐकलं. मी ताक वाढत होते. मीही ऐकलं आणि पुढच्या पानाकडे गेले.

म्हणून हे छापायला देते आहे. आमच्याकडे पेपराची ही पुरवणी घरोघरी वाचतात.

गेल्या रविवारी भाट्याला गेले आणि कपाट उघडलं. कॅलेंडरवर तापातल्या पहिल्या दोन दिवसांच्या खुणा दादाच्या होत्या, चौकटीबाहेर गेलेल्या. तिसऱ्या दिवसाची वहिनींची, नीटस. यादी काढून टाकावी म्हणून मी कोपऱ्यात नख घातलं. "राहू दे, वन्सं," मागून वहिनी म्हणाल्या. "त्यांचं अक्षर आहे त्यावर."

मी यादी राहू दिली. कपाटातला लाल पेन घेतला आणि त्या शेवटच्या खुणेपुढे माझं नाव लिहिलं. वहिनींनी ते वाचलं आणि कपाटाचं दार लावून घेतलं.