लांबच्या रस्त्याचा प्लग

आमचे हे खोटं बोलायला शिकले ते साठी उलटल्यावर, आणि तेही बोईसरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात. त्याआधी खोटं बोलायचं म्हटलं की ह्यांचे कान लाल व्हायचे. सासूबाईंना माझ्या हातचा चहा आवडत नाही, एवढंसुद्धा ह्यांना माझ्यापासून लपवता आलं नव्हतं.

चिंचणीत आमची छोटी वाडी आहे. हे तारापूरच्या एमआयडीसीत फिटर होते. मोटरसायकल घेतल्यापासून तिन्ही पाळ्यांना तिच्यावरूनच जाणं-येणं. सुट्टी असली की मागे भाजीच्या करंड्या बांधायच्या आणि वाणगाव गाठायचं, कधी थेट मनोरचा बाजार. मला माहेरी पालघरला सोडायचं तेही गाडीवरूनच. रस्ता मोकळा मिळाला की ह्यांची पाठ ताठ व्हायची, आणि मागे बसून मला कळायचं की स्वारी खुशीत आहे.

गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगमध्ये गरम आणि थंड असे प्रकार असतात, हे मला ह्यांनीच सांगितलं. गाडी ओझं घेऊन लांब पळणारी असेल तर थंड प्लग घालायचा, तो उष्णता लवकर सोडतो. जवळच्या जवळ फिरणारी असेल तर गरम प्लग. तो तापलेला राहतो आणि अंगावरची काजळी आपली आपणच जाळून टाकतो. थंड प्लग लावून नुसत्या गल्लीतल्या फेऱ्या मारल्या, तर तो काळा पडतो आणि गाडी जागच्या जागी बसते. आमच्या गाडीला कायम थंडच प्लग. नंबरसुद्धा ठरलेला, ह्यांना तो झोपेतही सांगता आला असता.

निवृत्तीनंतर ह्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाचा कप वाजायचा, मग शर्टाची बटणं लागेनाशी झाली. पालघरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गाडी सोडा म्हणाले. हे मान हलवून हो म्हणाले. सोडली मात्र नाही, कमी केली. घरापासून नाक्यापर्यंत आणि नाक्यापासून घरापर्यंत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, सायकलवाली पोरंही पुढे जातील अशी. मला भीती वाटायचीच. पण गाडी सुटली तर हा माणूस खचेल, ही भीती तिच्याहून मोठी होती. म्हणून मी तोंड मिटून होते.

मग गाडी बंद पडायला लागली. हे प्लग काढायचे, काळाकुट्ट निघायचा. पॉलिश पेपरने घासून परत लावायचे.

"पेट्रोलमदी भेसळ हाय," हे म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. तेव्हा दोघंही हसलो.

एक दिवस घासूनही चालेना, तेव्हा बोईसरला निघालो. रिक्षाने. जुना प्लग ह्यांच्या खिशात, कागदात गुंडाळलेला. दुकानातल्या माणसाने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं, "चाचा, गाडी लंबी चलती है, या यहीं आसपास?"

"लंबी," हे म्हणाले. "रोज चिंचणी से यहां. पीछे वजन भी रहता है."

मी ह्यांच्या कानांकडे पाहिलं. लाल झाले नव्हते. आत्ताच रिक्षातून उतरलेला माणूस इतक्या शांतपणे बोलत होता की क्षणभर मलाही खरं वाटलं. दुकानदाराने त्याच नंबरचा नवा प्लग दिला. त्याचं काय चुकलं? त्याला सांगितली त्या गाडीला तोच प्लग बरोबर होता.

तोही काळा पडला. पुन्हा बोईसर, पुन्हा तोच प्रश्न, आणि ह्यांच्या उत्तरात आता मनोरही आलं. मी पुन्हा गप्प. मला प्लगमधलं एवढं कळत होतं, मग ह्यांना काय कळत नव्हतं? पण खरं सांगून मिळालेला प्लग ह्यांना नको होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी मनात म्हटलं. राग होता आणि कीवही येत होती.

पावसाळा संपता संपता गाडी पुन्हा नाक्यावर बंद पडली. हे ढकलत आणत होते. वळणावर हात सुटला आणि गाडी ह्यांच्या अंगावर आडवी झाली. लोकांनी उचललं. गुडघा सोलला होता, बाकी काही नाही. पण कोणीतरी ह्यांना धरून, लहान मुलाला आणावं तसं घरी आणलं, आणि ते मला बघवलं नाही.

पुढच्या खेपेला दुकानदाराने विचारलं, तेव्हा ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. "भैया, गाडी अब लंबी नहीं जाती. नाके तक जाती है और वापस आती है."

दुकानदार "अच्छा" म्हणाला आणि त्याने दुसऱ्या खणातून गरम प्लग काढला.  ह्यांनी काउंटरवरचा हात तेवढा खिशात घातला. चिंचणी येईपर्यंत रिक्षाच्या बाहेर बघत बसले होते.

घरी येऊन प्लग बसवायला घेतला. बोटांना आटे जुळवता येईनात. थोड्या वेळाने ह्यांनी तो माझ्या हातात दिला. "तू लाव. आदी बोटांनीच फिरव, पाना मागून. वाकडा गेला तं आटे जातील." मी फिरवला. पाना मात्र मी धरला आणि माझ्या हातावरून ह्यांनी.

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. इतकी स्वच्छ की मी टाळी वाजवली. हे मान कलती करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बराबर हाय प्लग." आणि गाडी बंद केली.

त्यानंतर ह्यांनी ती बाहेर काढली नाही. मला वाटलं, रुसलेत, जाईल राग. दिवाळी गेली. एका संध्याकाळी मीच म्हटलं, "अहो, या ना नाक्यावर जाऊन. आता नाही बंद पडायची."

"नाक्यावर जायाला गाडी कशाला गो?" हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पायानी जाईन मी."

चपला घालून निघाले. हल्ली पाऊल उचलत नाही, घासत जातं. कुंपणापाशी पोचायलाच वेळ लागला. मला वाटलं, हाक मारावी, म्हणावं की चला, उद्या बोईसरला जाऊ, तुम्ही त्या माणसाला काय सांगायचं ते सांगा, मी शब्द बोलणार नाही. हाक काही मारली नाही. मारून काय झालं असतं? दारात उभी राहून मी रडले. खोटं बोलत होते तोवर हे रोज गाडीवरून बोईसरला जात होते.