बोट कधी उचलायचं

श्रावण दोन वर्षं फक्त झोपेत सायकल चालवत होता. दुपारी जेवून ओसरीवर आडवा झाला, डोळा लागला, की त्याचे पाय हलायला लागत. आधी डावा, मग उजवा, एका लयीत. शालूबाई शेजारी बसून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत असे. जुडीला लाथ बसली की ती जुडी उचलून पलीकडे ठेवी आणि हळूच विचारी, "कुठवर पोचले?" तो जागा होता होता एखादं गाव सांगे. एकदा नुसतंच "चढ लागला" म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

चौतीस वर्षं तो हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. घर नालवाडीत, शालूबाईच्या माहेरच्या भाजीच्या वाडीला लागून. आठवडाभर कारखान्याच्या खोलीत राहायचं. शनिवारी भोंगा झाला की काळ्या सायकलवर टांग मारायची आणि चाळीस किलोमीटर तोडून घर गाठायचं. सोमवारी उजाडायच्या आत परत. एसटी होती. पण एसटीनं आलं की घरी आल्यासारखं वाटत नाही, असं तो म्हणे. रस्ता पायांतून गेला पाहिजे.

हंगामात त्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या चालत. उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून राही. कलत्या उन्हात दोन्ही बाजूंची झाडं पांढरी मोहरल्यासारखी दिसत. दिवसभर कानांत भरलेला यंत्रांचा आवाज कोसाकोसाला पातळ होत जाई आणि वायगावच्या पुढे संपून जाई. तिथून पुढे चाकाचा आवाज, स्वतःचा श्वास, दूर कुठे बैलाच्या गळ्यातली घंटा. कुणी हाक मारली तरी श्रावण थांबत नसे. आठवड्यातला तेवढाच वेळ त्याचा होता.

कामावरून निवृत्त झाला आणि दोन वर्षांत उजवा गुडघा धरला. काळ्या सायकलला गिअर नाही. उलटा वारा असला की सगळा जोर गुडघ्यावर. संध्याकाळी तो सुजून भोपळ्यासारखा होई. डॉक्टरनं सांगितलं, सायकल सोडू नका, पण जोर लावू नका, गिअरची घ्या. श्रावणनं काळी सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवली ती तिथंच राहिली. त्याचं मागणं फार नव्हतं. एकदा तरी स्वतःच्या पायांनी हिंगणघाटला जायचं आणि स्वतःच्या पायांनी परत यायचं. वय त्रेसष्ट. आणखी दोन वर्षं ओसरीवर गेली तर पाय विसरून जातील, हे त्याला ठाऊक होतं.

मुलगी मंजुषा पुण्यात गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होती. तिनं दिवाळीत सांगून टाकलं, सायकल मी घेऊन देणार, पैशाचं काही बोलायचं नाही, तुम्ही फक्त निवडा. श्रावणनं मान हलवली. निवडणं हे काम त्याला येत होतं. यंत्र बघून, हात लावून, कान देऊन.

नागपूर रोडवर पियुषचं दुकान होतं. बापाचं पंक्चरचं दुकान त्यानं वाढवलं होतं. सेवाग्राम-सावंगीचे डॉक्टर सकाळी पवनारकडे फिरायला जातात, तसल्या हलक्या सायकली तो मागवून देई. त्यानं आधी साधी गिअरची सायकल काढून दिली. मुठीजवळचा खटका बोटांनी बाजूला ढकलायचा, की साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर जाते. श्रावणनं उजवा हात ठेवला. पहिली दोन बोटं मधल्या सांध्यात वाकत नव्हती. सत्तावीस वर्षं झाली, वाकत नव्हती. खटका हलला नाही. त्यानं डावा हात पलीकडून आणून ढकलला. हँडल वाकडं झालं, सायकल शेजारच्या बाकावर गेली. पियुषनं त्याच्या बोटांकडे न बघता सायकल सरळ केली. हे त्याचं शहाणपण.

मग त्यानं मोटारची सायकल पुढे केली. बटण दाबा आणि बसा, म्हणाला, काका, हिंगणघाट काय, चंद्रपूरले जा.

"मोटार चालवन तं मले कायले नेतं?" श्रावण म्हणाला. "एक पोतं ठेव हिच्यावर."

पियुष हसला आणि तिसरी दाखवू लागला. हिला गिअर आहेत, पण खटका ढकलायचा नाही. नुसतं बोट टेकवायचं, बाकी बॅटरी करते. बॅटरी हा शब्द ऐकला आणि श्रावण चपला घालून घरी आला.

घरी आणखी वेगळंच. शालूबाईनं ही गोष्ट वाडीत सांगितली. शेजारच्या वाफ्यात रुख्माबाई वांगी तोडत होती. तिनं टोपली खाली ठेवली.

"काऊन जी भाऊजी," ती म्हणाली, "मंग शालू तुमाले रोज रात्री चार्जिंगले लावन का?"

दोघी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. श्रावणनं पाणी पुढच्या वाफ्याला वळवलं आणि निघून गेला. हसण्याचं त्याला वाईट वाटलं नाही. त्याला वाईट वाटलं ते तीनही सायकली नाकारल्याचं. चौथी नव्हती.

मंजुषाचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत ती हिंगणघाटला येऊन राही, कारखान्याच्या दारात बसून बापाचं काम बघे. ती म्हणाली, "बाबा, ते बॅटरी नुसता पट्टा सरकवते. शाफ्ट तुमालेच फिरवा लागते."

श्रावण बराच वेळ फोन कानाला लावून बसला. फोन कधीच बंद झाला होता.

जुन्या जिनिंगमध्ये छपराखालून एक लांब लोखंडी शाफ्ट जाई. एका इंजिनावर तो फिरे आणि त्याच्यावरून खाली प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा. यंत्राला पुल्या दोन, शेजारी शेजारी. एक कामाची, एक मोकळी. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की नुसता फिरतो, यंत्र उभं. लाकडी दांड्यानं तो कामाच्या पुलीवर सरकवला की यंत्र सुरू. सगळं चालू असताना सरकवायचं. धसका दिला तर पट्टा उडतो, कचरलं तर मधेच घासत राहतो. आधी मोठ्यानं "पट्टा!" म्हणायचं, यंत्रापाशी असलेल्यानं "हो" म्हणायचं, मगच दांडा हलवायचा. आणि पट्टा पुरता बसेपर्यंत दांडा सोडायचा नाही. श्रावणच्या हातानं हे हजारो वेळा केलं होतं. पट्टा एका पुलीवरून दुसरीवर जाताना एक क्षण दोन्हींवर असतो. त्या क्षणी त्याला नेहमी वाटे, आपण काहीच करत नाही, नुसते सोबत आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पियुषच्या दारात उभा होता. दुकान अजून उघडायचं होतं.

त्यानं ती तिसरी सायकल स्टँडवर चढवायला लावली. पायडलला हात न लावता बटण दाबलं. बारीक घुर्र झालं, साखळी सरकवणारा मागचा काटा जरासा हलला, चाक हललं नाही. पुन्हा दाबलं. चाक हललं नाही. मग त्यानं डाव्या हातानं पायडल फिरवलं आणि उजव्या हाताचं ते ताठ बोट बटणावर टेकवलं. साखळी तिरपी झाली, क्षणभर दोन चक्रांवर होती, मग पलीकडे बसली. श्रावण खाली वाकून बघत राहिला. पियुषनं चहा मागवला, चहा गार झाला.

"चाकाले किती ढकलते बॅटरी?"

"काहीच नाई काका. केसभर नाई."

"महिन्यातून किती वेळा भरा लागते?"

"एकदा. तुमी लई फिरले तं दोनदा."

बॅटरीवर गिअर बदलणाऱ्या तशा दोन होत्या. एक शर्यतीची, हँडल खूप खाली, टायर बोटाएवढं. पियुषला ती आवडत होती. श्रावण तिच्यावर बसला तर नजर रस्त्यापेक्षा स्वतःच्या गुडघ्याकडेच जाई. तो उतरला. दुसरीचं हँडल वर, टायर जाड, चाकावर चिखल उडू नये म्हणून पत्रा बसवायची सोय. रोजच्या कामाची. ब्रेकला तेल भरलेलं, दोन बोटांनीही गाडी थांबे. तेवढी वाकणारी दोन बोटं श्रावणकडे होती. ही घेऊन त्यानं पवनारपर्यंत जाऊन यायचं, मग सांगायचं, असं ठरलं.

थंडी होती. रस्त्याच्या कडेला तुरीवर धुकं बसलं होतं. सायकल इतकी हलकी की पहिला फर्लांग श्रावणला आपण अजून ओसरीवरच आहोत असं वाटलं. पाय फिरत होते आणि आवाज नव्हता. झोपेत चालायची ती अशीच, बिनवजनाची. फक्त झोपेत नाकाला वारा लागत नसे. तो लागत होता.

मग चढ आला. श्रावणच्या तोंडून आपोआप "पट्टा" निघालं. त्यानं बोट टेकवलं. साखळी सरकली, पाय हलके झाले. पण पट्टा पुरता बसला की नाही कोण सांगणार. त्यानं बोट दाबूनच ठेवलं, चौतीस वर्षं ठेवलं तसं. साखळी पुन्हा सरकली. पुन्हा. पुन्हा. पाय एकदम मोकळे फिरले, जणू पायडलच तुटलं. सायकल लटपटली. मागून येणारा ट्रक भोंगा वाजवत गेला. श्रावण कडेला उतरला आणि एका पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून उभा राहिला.

आणखी दोनदा केलं, दोन्ही वेळा तसंच झालं. यंत्र ऐकत नव्हतं. हीही गेली, असं त्याला वाटलं. मग उरलं काय, ओसरी.

त्यानं पियुषला फोन लावला. पियुषनं विचारलं, बोट दाबून ठेवता का काका? दाबून ठेवलं की ती एकामागून एक सगळ्या चक्रांवर जाते. टेकवायचं आणि लगेच उचलायचं. नाहीतर परत या, मोबाइलवरून सेटिंग बदलून देतो. मग कितीही दाबलं तरी एकच चक्र जाईल.

श्रावण आपल्या बोटांकडे बघत होता. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या दिवशी तो यंत्राच्या रुळात अडकलेली सरकी काढत होता. त्यानं पट्टा काढायला सांगितला, जोडीदारानं काढला, "हो" झालं. सगळं रीतीप्रमाणे. पण पट्टा मोकळ्या पुलीवर पुरता बसायच्या आत जोडीदाराला मुकादमाची हाक आली आणि त्यानं दांडा सोडला. पट्टा परत आला आणि रूळ बोटांवर फिरला. श्रावणनं जोडीदाराला कधी बोल लावला नाही. फक्त तेव्हापासून स्वतः कधी लवकर सोडलं नाही. दांडा नाही, पाना नाही, दार लावलं तर कडीसुद्धा दोनदा ओढून बघायचा. मंजुषा पुण्याला निघाली तेव्हा गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून होता.

"काका, या परत. सेटिंग करून देतो," पियुष म्हणाला.

"नाई," श्रावण म्हणाला. "मशीन बराबर आहे. हात चुकून राह्यला."

तो पुन्हा बसला. सपाट रस्त्यावर सुरुवात केली. टेकवलं, उचललं. बोट उचलताना खांद्यापर्यंत एक भीती गेली, जणू कुणाचा हात रुळात आहे. साखळी गेली आणि बसली. कुणाला काही झालं नाही. टेकवलं, उचललं. तूर मागे गेली, हरभरा मागे गेला. दहाव्यांदा भीती कोपरापर्यंत आली. पंचविसाव्यांदा त्यानं मोजणं सोडलं. बोट उठल्यावर एक क्षण जाई, त्या क्षणात साखळी कुठंच नसे, आणि श्रावण त्या क्षणात होता. सोबतही नव्हता, नुसता जात होता. मग टक असा बारीक आवाज, पायाखाली रस्ता पुन्हा लागे.

पवनारला धाम नदीवर धुकं पाण्यातून वर येत होतं. पुलाखाली एक माणूस गाईच्या अंगावर पाणी घालत उभा होता. ठरल्याप्रमाणे इथून वळायचं होतं. श्रावणला पूल संपल्याचं कळलंच नाही. सेलूकडे जाणारा पहिला लांब चढ आला तेव्हा त्यानं "पट्टा" म्हटलं नाही. टेकवलं, उचललं, आणि चढ पायांतून सावकाश निघून गेला. वरच्या टोकाला तो थांबला. गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ वाट पाहिली. गुडघा गरम होता, जसा राबणाऱ्या माणसाचा असतो. दुखत नव्हता.

दुकानात तो दहा वाजून गेल्यावर आला. पियुषनं तोवर शालूबाईला बोलावून घेतलं होतं. ती भाजीच्या रिकाम्या टोपल्यांसकट पायरीवर बसली होती. दोघंही उठून उभी राहिली. श्रावण उतरला, सायकल भिंतीला टेकवली. त्याच्या मिशीवर दवाचं पाणी होतं.

शालूबाईनं त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "कुठवर पोचले?"

त्यानं मिशी पुसली. बसायच्या गादीवर हात ठेवला, दांडीवरची खूण नीट पाहिली आणि पियुषकडे वळला.

"हे अर्धा इंच वर घे," तो म्हणाला. "एवढ्या उंचीवर पवनार होते. शनिवारी चाळीस किलोमीटर जाचं हाय."